आधी जर्मनी, मग हिटलर

पदपथावरच्या पुस्तकांच्या ढिगात जर्मनीविषयी एक पुस्तक हमखास सापडते, हिटलरचे ‘माइन काम्फ’. इंग्रजीत मिळते, मराठी अनुवादातही मिळते आणि बहुतेक आवृत्त्यांत मजकुराखाली एकही टीप नसते. याच पुस्तकाचा जर्मनीतला प्रताधिकार २०१५च्या अखेरीस संपला. तेव्हा म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने जानेवारी २०१६मध्ये त्याची संपादित आवृत्ती काढली. दोन खंड, जवळपास २,००० पाने, सुमारे ३,५०० टिपा. मूळ पुस्तक आठशे पानांच्या आतले. म्हणजे हिटलरच्या दर पानामागे चारांहून अधिक टिपा घालाव्या लागल्या. कुठे त्याने स्वतःचे आयुष्य रंगवून सांगितले आहे, कुठे उसनी कल्पना आपली म्हणून खपवली आहे, कुठे धडधडीत खोटे आहे.

आपला वाचक हे सगळे टिपांविना गिळतो. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या खंडात भारताच्या स्वातंत्र्याच्या आशेची टिंगल आहे. भारत दुसऱ्या कुणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांकडेच राहिलेला बरा, असे हिटलरने तिथे लिहून ठेवले आहे. मे १९४२मध्ये सुभाषचंद्र बोस त्याला भेटले तेव्हा त्यांनी या मजकुराचा विषय काढला होता. पुस्तक विकत घेणाऱ्यांपैकी कितीजण त्या पानापर्यंत पोचतात, कोण जाणे.

पण मुद्दा या एका पुस्तकापुरता नाही. जर्मनी आणि दोन महायुद्धे समजून घ्यायची म्हणून आपण सुरुवात हिटलरपासून करतो, आणि तिथेच घोडे पेंड खाते. चरित्र हाती घेतले की प्रश्न उभा राहतो तो ‘असा माणूस निपजला कसा?’ हा. मग बाप मारकुटा होता, व्हिएन्नाच्या कला अकादमीने प्रवेश नाकारला, अशी उत्तरे पुरेशी वाटू लागतात. अकादमीने नाकारलेली मुले त्या काळी ढिगाने होती. खरा प्रश्न, त्याला सत्ता दिली कोणी आणि त्याचे हुकूम अमलात आणले कोणी, हा आहे.

मराठीत या विषयावर काहीच नाही अशी स्थिती नाही. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आणि वि. स. वाळिंबे यांचे ‘हिटलर’ यांनी मराठी वाचकाला हा विषय घरचा करून दिला. कानिटकरांच्या शीर्षकातल्या भस्मासुराकडे जरा थांबून पाहावे. भस्मासुराच्या गोष्टीत राक्षस जितका महत्त्वाचा, तितकाच त्याला वर देणारा महत्त्वाचा. शंकराने वर दिला नसता तर तो राक्षस कुणाचेही भस्म करू शकला नसता. जर्मनीत हा वर देणारे कोण होते, हे शोधत जाणारी पुस्तके आधी वाचावीत आणि राक्षसाचे चरित्र मागाहून, एवढेच या लेखाचे म्हणणे.

सुरुवात निवडणुकीच्या आकड्यांपासून करावी. ‘१९२३च्या महागाईने हिटलर आणला’ हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे की ते तपासायचे कुणाच्या मनात येत नाही. नोव्हेंबर १९२३मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते, हे खरे. पण त्यानंतर चलन सावरले, आणि मे १९२८च्या निवडणुकीत नाझी पक्षाला मते पडली २.६ टक्के. सप्टेंबर १९३०मध्ये १८.३ टक्के, जुलै १९३२मध्ये ३७.३ टक्के. मधल्या काळात आली ती मंदी. १९३२च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार ६० लाखांच्या घरात होते आणि चॅन्सेलर ब्रूनिंग मंदीतच सरकारी खर्च कापत होते. महागाईत पैसा निरुपयोगी होतो, तर मंदीत काम मिळत नाही. या दोन वेगळ्या आपत्ती आहेत. त्यांची सरमिसळ करणारे पुस्तक पहिल्या प्रकरणातच नापास समजावे.

नोव्हेंबर १९३२मध्ये नाझींची मते घटून ३३.१ टक्क्यांवर आली होती. पक्षाची तिजोरी रिकामी होती. नेमक्या त्या वेळी माजी चॅन्सेलर फॉन पापेन आणि त्यांच्या गोटातल्या मंडळींनी म्हाताऱ्या अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचे मन वळवले आणि ३० जानेवारी १९३३ला हिटलर चॅन्सेलर झाला. मंत्रिमंडळात नाझी तीनच, बाकीचे जुने परंपरावादी. याला आपण खिशात घालू, असा त्यांचा हिशेब होता. २३ मार्चला सर्वाधिकार देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर झाला. विरोधात मते दिली ती फक्त सोशल डेमोक्रॅटांनी. कम्युनिस्ट खासदार एव्हाना तुरुंगात तरी होते किंवा भूमिगत. कॅथलिक सेंटर पक्षाने बाजूने मत दिले. वर देणाऱ्यांची यादी इथपासून सुरू होते.

हा सगळा पट मांडणारे आजचे सर्वांत भरवशाचे पुस्तक म्हणजे रिचर्ड इव्हान्स यांची त्रिखंडी, ‘द कमिंग ऑफ द थर्ड राइश’ (२००३), ‘द थर्ड राइश इन पॉवर’ (२००५) आणि ‘द थर्ड राइश अॅट वॉर’ (२००८). तिन्ही मिळून दोन हजारांहून अधिक पाने होतात. रोज वीस पाने वाचली तरी चार महिने लागतात, आणि बहुतेक जण पहिल्या महिन्यातच गळतात. त्यावर साधा उपाय असा की फक्त पहिला खंड घ्यावा. तो बिस्मार्कपासून निघतो आणि १९३३च्या उन्हाळ्यापाशी थांबतो, म्हणजे हवा तेवढाच काळ त्यात येतो. दुसरा खंड सलग वाचण्यापेक्षा शिक्षण, चर्च, शेतकरी अशा प्रकरणांसाठी हाताशी ठेवावा. तिसऱ्याकडे नंतर, युद्धाच्या पुस्तकांसोबत वळावे.

इव्हान्सच्या पहिल्या खंडाला जोड द्यायची ती विल्यम शेरिडन अॅलन यांच्या एका लहान पुस्तकाची, ‘द नाझी सीझर ऑफ पॉवर’ची. १९६५चे हे पुस्तक उत्तर जर्मनीतल्या सुमारे दहा हजार वस्तीच्या एका गावावर आहे. पहिल्या आवृत्तीत गावाचे नाव बदलून टाल्बुर्ग केले होते. १९८४च्या सुधारित आवृत्तीत ते उघड नॉर्थहाइम झाले. तालुक्याच्या ठिकाणाची कळा असलेले हे गाव. रेल्वेचे कामगार, दुकानदार, सरकारी कारकून, गायनमंडळे, नेमबाजीचे क्लब. नाझींची स्थानिक शाखा सभांना तिकीट लावायची आणि त्या पैशांतून पुढची सभा घ्यायची. ज्या विषयाला गर्दी तो विषय पुन्हा, ज्याला रिकाम्या खुर्च्या तो बाद. बर्लिनहून आलेल्या हुकमांइतकेच गल्ल्यातल्या नाण्यांनी प्रचार ठरवला. ज्यूद्वेषाचा सूर तिथे चालत नसेल तर तो खाली आणला जाई. अॅलन यांचा निष्कर्ष अंगावर येतो. नॉर्थहाइमचे लोक ज्यूद्वेषामुळे नाझी झाले नाहीत, नाझी झाल्यामुळे ज्यूद्वेषाकडे ओढले गेले. सत्ता आल्यावर काही महिन्यांत गायनमंडळापासून सगळ्या संस्था एक तर बरखास्त झाल्या किंवा पक्षाच्या दावणीला बांधल्या गेल्या. माणसाने संध्याकाळी चार लोकांत मोकळेपणाने बोलावे अशी जागाच उरली नाही. गाव, सहकारी संस्था आणि मंडळे यांचे राजकारण ज्याने जवळून पाहिले आहे, त्या मराठी वाचकाला हे पुस्तक कुठल्याही चरित्रापेक्षा लवकर कळेल. मराठीत सर्वांत आधी अनुवाद व्हायला हवा तो याचा.

‘हिटलरने महामार्ग बांधले, बेकारी संपवली’ या वाक्याचाही एकदा निकाल लावायला हवा. कलोन ते बॉन हा महामार्ग ऑगस्ट १९३२मध्ये खुला झाला, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या जवळपास सहा महिने आधी. उद्घाटन केले कलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी, पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले तेच. उरलेले काम अॅडम टूझ यांचे ‘द वेजेस ऑफ डिस्ट्रक्शन’ (२००६) करते. नाझी अर्थव्यवस्थेचा गाभा शस्त्रसज्जता हा होता, परकीय चलनाचा खडखडाट कायम होता आणि सामान्य जर्मन माणूस ब्रिटिश माणसाच्या तुलनेत बराच गरीब होता, हे टूझ आकड्यांनिशी दाखवतात. पुस्तक जड आहे. अर्थशास्त्राची सवय नसेल तर पहिला भाग वाचून थांबले तरी चालते.

इथून मागे, १९१४कडे जावे. उलटा क्रम मुद्दाम सांगितला आहे. आधी १९३३ समजले की पहिल्या महायुद्धाच्या वादात नेमके काय पणाला लागले आहे ते कळते.

त्या वादात दोन पुस्तके एकमेकांसमोर उभी करावीत. फ्रिट्झ फिशर हे हॅम्बुर्गचे प्राध्यापक. १९६१मध्ये त्यांनी जर्मन कागदपत्रांच्या आधारे मांडले की, १९१४च्या युद्धाची मुख्य जबाबदारी जर्मनीवर येते आणि युद्धामागे विस्ताराची आकांक्षा होती. पुरावा म्हणून चॅन्सेलर बेथमान होल्वेग यांचे ९ सप्टेंबर १९१४चे टिपण, ज्यात बेल्जियम, फ्रान्स आणि मध्य युरोपचे काय करायचे याची यादीच होती. देशात एवढा गदारोळ झाला की १९६४मध्ये फिशर यांच्या अमेरिकेतल्या व्याख्यान दौऱ्याचा निधी परराष्ट्र खात्याने काढून घेतला. दुसरे पुस्तक ख्रिस्तोफर क्लार्क यांचे ‘द स्लीपवॉकर्स’ (२०१२). ते सर्बिया, रशिया, फ्रान्स, ऑस्ट्रिया अशा सगळ्या राजधान्यांतून फिरते आणि जबाबदारी वाटून टाकते. क्लार्क वाचायला कितीतरी रंजक आहेत, आणि धोका तिथेच आहे. एकटे क्लार्क वाचले तर ५ जुलै १९१४ला बर्लिनने व्हिएन्नाला दिलेला कोरा चेक, म्हणजे बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन, किरकोळ वाटू लागतो. फिशर यांनी पुरावा म्हणून दिलेल्या टिपणातही एक गोम आहे. ते युद्ध सुरू झाल्यानंतरचे आहे, आणि महिनाभर आधीचा हेतू त्यातून सिद्ध होत नाही. दोन्ही बाजूंच्या या फटी दिसल्या की वाचक तयार झाला म्हणायचे. बार्बरा टकमन यांचे ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’ (१९६२) या दोघांनंतर केवळ गद्याच्या आनंदासाठी वाचावे.

व्हर्सायच्या तहाबद्दल मार्गारेट मॅकमिलन यांचे ‘पीसमेकर्स’ पुरे. शाळेत आपण ‘अपमानास्पद तह, म्हणून हिटलर’ अशी एका ओळीची साखळी शिकतो. १९२१मध्ये ठरलेली नुकसानभरपाई १३२ अब्ज सोन्याचे मार्क होती. पण त्यातले ८२ अब्ज अशा रोख्यांत घातले होते की ते वसूल होणार नाहीत हे ठरवणाऱ्यांनाही ठाऊक होते. खरी मागणी ५० अब्जांची. या तहावर भारताच्या वतीनेही सह्या आहेत, एक भारतमंत्री माँटेग्यूंची, दुसरी बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांची.

दुसऱ्या महायुद्धाच्या रणांगणाकडे वळताना सर्वांत मोठा सापळा म्हणजे जर्मन सेनानींच्या आठवणी. गुडेरियन आणि मानस्टाइन यांची पुस्तके पन्नासच्या दशकात आली आणि लष्करी इतिहासाची आवड असलेल्या वाचकांत आजही पूज्य आहेत. या पुस्तकांचा साचा ठरलेला. आम्ही निष्कलंक व्यावसायिक सैनिक, चुका सगळ्या हिटलरच्या, अत्याचार सगळे एसएसचे, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचे. मानस्टाइनच्या सहीचा २० नोव्हेंबर १९४१चा हुकूम उपलब्ध आहे. त्यात ज्यू-बोल्शेविक व्यवस्था कायमची नष्ट करण्याची भाषा आहे आणि ज्यूंना दिलेल्या कठोर शिक्षेचे मर्म सैनिकाने समजून घ्यावे असे बजावले आहे. १९४९मध्ये हॅम्बुर्गच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला १८ वर्षांची शिक्षा दिली. १९५३मध्ये तो सुटला आणि १९५५मध्ये आठवणी छापून आल्या. जर्मनांच्या कैदेत गेलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले, बहुतेक भुकेने, थंडीने आणि रोगराईने. त्या छावण्या मुख्यतः लष्कराच्या ताब्यात होत्या. सेनानींच्या आठवणी वाचायला हरकत नाही, पण आरोपीचा जबाब म्हणून वाचाव्यात. हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री अल्बर्ट श्पेअर याच्या आठवणीही त्याच रांगेत.

उतारा म्हणून ओमेर बार्टोव्ह यांचे ‘हिटलर्स आर्मी’ घ्यावे, आणि लढायांसाठी डेव्हिड ग्लान्ट्झ व जोनाथन हाउस यांचे ‘व्हेन टायटन्स क्लॅश्ड’. दुसऱ्या पुस्तकाच्या शैलीत मीठ नाही, पण सोव्हिएत दफ्तरे उघडल्यानंतरचे आहे. अँटनी बीव्हर यांचे ‘स्टालिनग्राड’ त्याच्या उलट, वाचता वाचता रात्र सरते. दुकानात उभ्या उभ्या युद्धावरच्या कुठल्याही पुस्तकाची परीक्षा घ्यायची एक युक्ती आहे. मागची सूची उघडावी आणि ‘बाग्रातिओन’ शोधावे. २२ जून १९४४ला सुरू झालेल्या या सोव्हिएत मोहिमेत जर्मनीचा मध्य सेनासमूह मोडून पडला. महायुद्धातला जर्मन लष्कराचा तो सर्वांत मोठा पराभव. दोस्तांचे सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले त्या नॉर्मंडीला साठ पाने आणि बाग्रातिओनला एक परिच्छेद असेल तर ते युद्धाच्या एका कोपऱ्याचे पुस्तक आहे. दुसरी परीक्षा घोड्यांची. १९४१मध्ये रशियात शिरलेल्या जर्मन सैन्यासोबत सहा लाखांहून अधिक घोडे होते. ज्या पुस्तकात सगळीकडे रणगाडेच आहेत आणि वैरणीचा उल्लेखसुद्धा नाही, ते प्रचारपटावर बेतलेले आहे असे खुशाल समजावे.

आकड्यांची परीक्षा मात्र दुकानात होत नाही, त्यासाठी टिपा लागतात. ड्रेस्डेनचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी १९४५मध्ये दोस्तांच्या विमानांनी हे शहर जाळले. १९६३मध्ये डेव्हिड आयर्विंग यांनी आपल्या पुस्तकात मृतांचा आकडा १,३५,००० दिला. पुढे ‘दैनिक आदेश क्रमांक ४७’ नावाच्या कागदाच्या जोरावर २,०२,०४० मृतांचा आकडा फिरू लागला. मूळ नोंद सापडली तेव्हा तिच्यात आकडा होता २०,२०४. शेवटी एक शून्य जोडले होते. आयर्विंग यांनी १९६६मध्ये वृत्तपत्रात पत्र लिहून ही दुरुस्ती कळवली खरी, पण फुगवलेले आकडे काही त्यांनी सोडले नाहीत. ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१०मध्ये जास्तीत जास्त २५,००० हा आकडा निश्चित केला. दरम्यान १,३५,००० हा आकडा एका गाजलेल्या अमेरिकी कादंबरीतून जगभर पोचला होता. आपल्याकडच्या लेखांतही तो अधूनमधून डोके वर काढतो. त्या शून्यामागचा हेतूही समजून घ्यावा. ड्रेस्डेन जितके मोठे, तितके आउशविट्झ, म्हणजे ज्यूंच्या संहाराची नाझी छावणी, लहान दिसते. एप्रिल २०००मध्ये लंडनच्या न्यायालयात आयर्विंग आपला बदनामीचा दावा हरले. न्यायमूर्तींनी त्यांना ज्यूंचा वंशसंहार नाकारणारा ठरवले. त्या खटल्यात त्यांच्या तळटिपा एकेक करून तपासणारे साक्षीदार होते तेच रिचर्ड इव्हान्स.

वंशसंहारावर राउल हिलबर्ग यांचे १९६१चे पुस्तक आजही पाया आहे. रेल्वेची वेळापत्रके, जप्तीच्या याद्या, कार्यालयांतला पत्रव्यवहार यांतून संहार ही एक प्रशासकीय प्रक्रिया कशी झाली ते त्यात दिसते. ज्यूंचा स्वतःचा आवाज त्यात कमी ऐकू येतो. ती उणीव साउल फ्रीडलेंडर यांचे दोन खंड भरून काढतात. पण ज्याला एकच वाचायचे आहे त्याने ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांचे ‘ऑर्डिनरी मेन’ (१९९२) उचलावे. हॅम्बुर्गच्या राखीव पोलिसांची बटालियन क्रमांक १०१, माणसे सुमारे पाचशे, बरीचशी मध्यमवयीन, संसारी. १३ जुलै १९४२च्या पहाटे पोलंडमधल्या युझेफुफ गावाबाहेर त्यांचा मेजर ट्राप याने दिवसाचे काम सांगितले. गावातले ज्यू गोळा करायचे आणि बायका, मुले, म्हातारे यांना जंगलात नेऊन गोळ्या घालायच्या. सांगताना त्याचा गळा दाटला होता. मग त्याने सवलत दिली, थोराड वयाच्या ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावे. रांगेतून पुढे आले बाराएक जण. त्यांना शिक्षा झाली नाही. संध्याकाळपर्यंत किमान १,५०० माणसे मारली गेली. याच बटालियनची कागदपत्रे वापरून डॅनियल गोल्डहेगन यांनी १९९६मध्ये उलटा निष्कर्ष काढला की जर्मन समाजात खोल मुरलेला ज्यूद्वेषच याच्या मुळाशी होता. ब्राउनिंग बोट दाखवतात ते सोबत्यांचा दबाव, अधिकाऱ्याची आज्ञा आणि हळूहळू मेलेल्या मनाकडे. बहुसंख्य अभ्यासकांचे वजन ब्राउनिंग यांच्या पारड्यात आहे, आणि ते योग्य आहे. गोल्डहेगन यांचे म्हणणे खरे धरले तर बाकीच्या जगाला हायसे वाटते. आपण जर्मन नाही, सुटलो.

एवढे झाल्यावर हिटलर घ्यावा. सेबास्टियन हाफनर यांचे दोनशे पानांच्या आतले ‘द मीनिंग ऑफ हिटलर’ आधी, मग सवड असेल तर इयान कर्शॉ यांचे दोन खंड. कर्शॉ यांची मांडणी अशी की वरून प्रत्येक वेळी हुकूम येण्याची गरजच नव्हती, साहेबांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन खालचे लोक चढाओढीने पुढे पळत होते. कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हे उलगडून सांगावे लागत नाही.

विल्यम शायरर यांचे ‘द राइज अँड फॉल ऑफ द थर्ड राइश’ (१९६०) या यादीत अजून आले नाही, म्हणून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. शायरर १९३४ ते १९४० बर्लिनमध्ये बातमीदार होते, आणि त्याआधी भारतात येऊन गांधीजींच्या आंदोलनाचे वार्तांकनही केलेले. डोळ्यांनी पाहिलेले ते फार ताकदीने लिहितात. पण बाराशे पानांत सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक ल्यूथरपासून हिटलरपर्यंत सरळ रेघ ओढली आहे, आणि वंशसंहाराला जागा त्रोटक दिली आहे. पहिले पुस्तक म्हणून ते घेतले तर जर्मन माणूस जन्मतःच तसा, ही समजूत पक्की होते. सातवे-आठवे म्हणून उत्तम.

आता आपल्या बाजूचे थोडे. या युद्धांत मराठी मुलूख प्रेक्षक नव्हता. १९१६मध्ये मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूत इथे तुर्कांना शरण गेलेले सैन्य सहाव्या पूना डिव्हिजनचे होते आणि त्यात मराठा पलटणी होत्या. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतांश बायका-मुले. त्यांना देशोधडीला लावले होते ते स्टालिनने. वळिवडे समजून घ्यायचे तर टिमथी स्नायडर यांचे ‘ब्लडलँड्स’ (२०१०) वाचावे लागते, कारण हिटलर आणि स्टालिन यांच्या चिमटीत सापडलेल्या भूमीचा इतिहास तिथे एकत्र मिळतो. गोव्यातली मार्च १९४३ची घटना तर चित्रपटाचाच विषय झाली. तटस्थ पोर्तुगालच्या मुरगाव बंदरात अडकून पडलेल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर कलकत्त्याच्या हौशी घोडेस्वार पथकातल्या प्रौढ मंडळींनी छापा घातला होता. भारताच्या सहभागाचा एकत्रित हिशेब श्रीनाथ राघवन यांच्या ‘इंडियाज वॉर’ (२०१६) आणि यास्मिन खान यांच्या ‘द राज अॅट वॉर’ (२०१५) या दोन पुस्तकांत आहे. पहिले लष्कर आणि अर्थकारणावर भर देणारे, दुसरे घरातल्या माणसांवर.

तालुक्याच्या ‘ब’ किंवा ‘क’ वर्गातल्या वाचनालयाला यातली वीस पुस्तके घेणे परवडणार नाही. चारच घ्यायची तर अॅलन, ब्राउनिंग, इव्हान्सचा पहिला खंड आणि राघवन. पाचव्याला पैसे उरले तर ‘व्हेन टायटन्स क्लॅश्ड’. ग्रंथपालाने ती हिटलरच्या चरित्रांच्या कप्प्यात न ठेवता शेजारच्या कप्प्यात, वेगळ्या पाटीखाली ठेवावीत.

राघवन रायगड जिल्ह्यातल्या वाचनालयांत तर हवेतच. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. तुकडीतले सगळे साथीदार मारले गेले किंवा घायाळ झाले होते. त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली, बॉम्ब टाकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली, उरलेल्या दोघांना बंदुकीने झोडपले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा आहे. त्या दिवशी नॉर्मंडीत दोस्तांना उतरून महिना उलटला होता आणि बाग्रातिओन मोहिमेत मिन्स्क सोव्हिएत फौजांच्या हाती पडून आठवडा झाला होता. समोरची ती मशीनगन तरीही का थांबत नव्हती, याचे उत्तर घाडग्यांच्या चरित्रात मिळणार नाही, जर्मनीवरच्या पुस्तकात मिळेल.